सुटीवर आलेला कैदी आणि गावाची वही

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा इतिहासावरचा लेख माझ्याकडे आला. सोनारीचा इतिहास म्हटला म्हणजे भैरवनाथाचे देऊळ, चैत्रातील यात्रा आणि देवळाच्या आवारातली वानरसेना, एवढे तरी आलेच पाहिजे. परंतु त्यावर माझ्याहून चांगले लिहिणाऱ्या आपल्यात पुष्कळ जणी आहेत. मी घेतलेला विषय जरा रुक्ष वाटेल. तो मी का घेतला, हे सांगितल्यावाचून मात्र पुढे जाता येत नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी एका संध्याकाळी बैठक उठली, सतरंज्या गुंडाळून झाल्या, तरी एक भगिनी दाराशी उभीच. ती माहेरी, म्हणजे आपल्याकडे, परत आलेली. नवऱ्याने कुऱ्हाड चालवली, ती जगली, आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल त्याला दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. ती हळूच म्हणाली, "बाई, तो आलाय म्हणं. बार्शीच्या स्टँडवर आमच्या मावशीनं बघितला." मी विचारले, सुटला की पळाला? तिला ठाऊक नव्हते. "मला कुणी सांगायचं ते?" एवढेच ती म्हणाली आणि पदर आवळून उभी राहिली.

तिच्या या प्रश्नाला मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. शिक्षा झालेल्या माणसाची माहिती कोणी ठेवायची, कोणाला द्यायची, आणि तो काही दिवसांसाठी बाहेर आला तर ते कोणाला कळवायचे, या प्रश्नाला आपल्या भागात फार जुना इतिहास आहे असे पुढे वाचताना दिसून आले. तोच येथे जमेल तसा मांडते.

पेशवाईच्या कागदांत आणि जुन्या मराठी कोशांत जामिनाचे निरनिराळे प्रकार आढळतात. मालजामीन म्हणजे पैशाची हमी. हाजिरजामीन म्हणजे बोलावल्या वेळी माणूस हजर करीन अशी हमी. चालजामीन म्हणजे हा माणूस यापुढे नीट वागेल अशी हमी. या शब्दांवरून एक गोष्ट उघड होते. गुन्हा केलेला माणूस मोकळा असेल तर त्याच्या मागे कोणीतरी ओळखीचा माणूस उभा असलाच पाहिजे, आणि तो कोण हे गावाला ठाऊक असले पाहिजे, असा तो व्यवहार होता. माहिती कागदावर कमी आणि चावडीवर जास्त होती. त्यात गरिबाला जामीन मिळणे कठीण जाई आणि बड्याला सोपे, हे निराळे सांगायला नको. आजही ते फारसे बदललेले नाही.

इंग्रजी अंमल आला आणि माहिती चावडीवरून वहीत गेली. मुंबई इलाख्यात १८६७ साली गावपोलिसांचा कायदा झाला आणि पोलीस पाटलाचे काम लेखी ठरले. महाराष्ट्र राज्याने १९६७ साली नवा ग्रामपोलीस कायदा केला, त्यातही गावातील गुन्ह्यांची व एकंदर स्थितीची माहिती दंडाधिकाऱ्याला देत राहणे हे पाटलाचे कर्तव्य म्हणून आहे. आपला परांडा तालुका त्या काळी निजामाच्या राज्यात होता. आपल्याकडे माली पाटील आणि पोलीस पाटील असे दोन पाटील असत. करमाळा आणि बार्शी मात्र इंग्रजांच्या मुलखात. म्हणजे पलीकडच्या शिवारात गुन्हा करून अलीकडे यावे, तर वही निराळी, पोलीस निराळे आणि कचेरीची भाषाही निराळी, असा प्रकार होता. आपल्या सरहद्दीच्या गावांना अनोळखी माणसाबद्दल जो संशय असे, त्याचे मूळ काही अंशी यात असावे असे मला वाटते.

यानंतरचा भाग लिहिताना हात जड होतो. माहितीची वही किती भयंकर होऊ शकते हे त्यात दिसते.

१८७१ साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ साली तो मुंबई इलाख्यासह सर्व ब्रिटिश हिंदुस्थानला लागू झाला आणि १९२४ साली एकत्रित करण्यात आला. या कायद्याने गुन्हा केलेल्या माणसाची नव्हे, तर सबंध जातीची नोंद होऊ लागली. एखादी जात गुन्हेगार आहे असा जाहीरनामा निघाला की तो बरोबर की चूक हे कोणत्याही न्यायालयाने तपासावयाचे नाही, असे कायद्यातच लिहिलेले होते. नाव नोंदलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घेत. त्याने ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची, आणि गाव सोडावयाचे तर परवाना घ्यावयाचा. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, भामटे अशा कितीतरी जमाती यात सापडल्या. आईच्या पोटातून आलेले मूल चोर ठरलेले असे.

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण सोलापूरचे. तेथे तारेचे कुंपण घालून वसाहत करण्यात आली. तिला लोक 'सेटलमेंट' म्हणत, आणि सोलापुरात त्या भागाला हेच नाव अजूनही चालते. कुंपणातील स्त्रीपुरुष गिरण्यांत कामाला जात आणि संध्याकाळी हजेरीला परत येत. विजापूर, हुबळी, गदग, बारामती येथेही अशाच वसाहती होत्या. मुंबई इलाख्यात या खात्याचे प्रमुख स्टार्ट नावाचे अधिकारी होते. विशेष असे की १९२८ साली अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षही हेच स्टार्टसाहेब होते, आणि सभासदांत डॉ. आंबेडकर आणि ठक्करबाप्पा होते. एकच अधिकारी कुंपणही सांभाळतो आणि कुंपणाबाहेरच्या दुःखाचा अहवालही लिहितो, असा तो काळ होता.

मुंबई राज्याने १९४९ साली हा कायदा रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो सर्व देशातून गेला. विमुक्त समाज हा दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतो. परंतु वही बंद झाली तरी गावाच्या डोक्यातले पान फाटले नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले, आणि पुढील वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लेखक धनेगावचे, लातूर तालुक्यातले, आणि लातूर १९८२ सालापर्यंत आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होते. म्हणजे हे पुस्तक परक्या मुलखाचे नाही. कायदा जाऊन एक पिढी लोटल्यावरही पोलीस कोणाच्या झोपडीत प्रथम शिरतात, हे ज्यांना वाचावयाचे असेल त्यांनी ते अवश्य वाचावे. आपल्या यात्रेत एखादीचे मंगळसूत्र गेले की प्रथम कोणाकडे बोट दाखवले जाते, याचाही विचार त्या निमित्ताने करण्यासारखा आहे. मी स्वतः असे बोट दाखवलेले आहे, हे येथे कबूल करते.

आता या कहाणीची दुसरी बाजू. सोलापुरात तारेचे कुंपण होते त्याच वेळी, आटपाडीजवळ औंध संस्थानात, कुंपणावाचूनचा तुरुंग निघाला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली स्वतंत्रपूर ही वसाहत वसवली. ही कल्पना मॉरिस फ्रिडमन या पोलंडच्या गृहस्थांची, ज्यांना आपल्याकडे भारतानंद म्हणत. शिक्षा झालेल्या कैद्यांनी तेथे शेती करावयाची आणि बायकामुलांसह राहावयाचे. भिंत नाही आणि तारही नाही. पुढे शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला तो याच प्रयोगावरून, आणि कथा लिहिली ती त्याच मुलखात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी. तंबूतल्या सिनेमात आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायकांनी तो पाहिला असेल. सहा खुनी आणि एक जेलर असलेला तो चित्रपट पाहून डोळ्यांना पदर न लावलेली बाई मला भेटलेली नाही. त्या सहा जणांनी ज्यांचे घर उद्ध्वस्त केले ती माणसे कोठे होती, हा प्रश्न मात्र मलाही तेव्हा पडला नव्हता.

१९५६ साली आपला जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. त्यानंतर तीन वर्षांनी, एकाच १९५९ सालात, मुंबई राज्याने दोन गोष्टी केल्या, आणि त्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. एक, सराईत गुन्हेगारांचा कायदा. यात जातीची नोंद नाही, तर ठराविक काळात तीन वेळा शिक्षा झालेल्या माणसाची नोंद. दुसरी, कैद्यांच्या रजेचे नियम. या नियमांत दोन प्रकारच्या रजा आहेत. फर्लो म्हणजे संचित रजा. ठराविक शिक्षा भोगल्यावर, वर्तन चांगले असल्यास, घरचा संबंध तुटू नये म्हणून ती मिळते. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. घरी मृत्यू, गंभीर आजार अशा कारणांसाठी ती मागता येते. पॅरोल हा शब्द फ्रेंच भाषेतला असून त्याचा अर्थ 'दिलेला शब्द' असा आहे, तेव्हा 'अभिवचन' हा मराठी पर्याय ज्याने योजला त्याचे कौतुक केले पाहिजे. या रजेला जामीनदार लागतो, आणि परत येण्याची तारीख ठरलेली असते. म्हणजे पेशवाईतला हाजिरजामीनच नव्या पोशाखात आला, असे म्हणावयास हरकत नाही. एका कायद्याने वही उघडली, तर दुसऱ्याने कैद्याच्या शब्दावर भरवसा ठेवला.

रजा मंजूर करण्यापूर्वी पोलिसांचा अहवाल मागवतात. कैदी ज्या गावी राहणार त्या गावी चौकशी होते, आणि शांततेला धोका आहे काय हे पाहतात. भगिनींनो, आपल्या त्या बहिणीची सारी गोष्ट या एका वाक्यात अडकलेली आहे. चौकशी होते ती 'तो' जेथे जाणार तेथे. 'ती' जेथे येऊन राहिली त्या गावी कोणी विचारीत नाही. नवऱ्याचे गाव एका ठाण्यात आणि माहेर दुसऱ्या ठाण्यात. तिकडच्या पंचांनी सांगितले, आमच्या गावात काही धोका नाही, आणि ते खोटेही नव्हते, कारण ज्या जिवाला धोका होता तो त्या गावातून केव्हाच निघून गेला होता.

रजा घेऊन परत न येणारे कैदी थोडे असतात, पण जे येत नाहीत ते सर्वांना आठवतात. मुंबईत २०१२ साली एका तरुण वकील मुलीचा तिच्याच इमारतीच्या पहारेकऱ्याने खून केला. त्याला जन्मठेप झाली. २०१६ साली तो नाशिकच्या तुरुंगातून पॅरोलवर गेला आणि परतलाच नाही. २०१७ साली काश्मीरमध्ये सापडला. त्या दीड वर्षात त्या मुलीच्या आईबापांच्या घरी प्रत्येक वाजणाऱ्या घंटेला काय वाटले असेल, ते आपण बायका जाणू शकतो. सरकारने २०१६ साली नियम कडक केले आणि बलात्कारासारख्या काही गुन्ह्यांतील कैद्यांना संचित रजा बंद केली. पण ज्याच्यावर गुन्हा झाला त्याला कळवावे, याने प्रश्न सुटला काय? नियम कडक करणे सोपे असते, निरोप पोहोचवणे कठीण.

गुजरातमधील २००२ च्या दंगलीत जिच्यावर अत्याचार झाला आणि जिच्या घरची माणसे मारली गेली, तिचा खटला मुंबईत चालला होता. १५ ऑगस्ट २०२२ रोजी त्यातील अकरा जन्मठेपेचे कैदी शिक्षामाफीने सोडण्यात आले. तो निर्णय घेण्यापूर्वी तिच्या सुरक्षिततेविषयी तिला कोणी विचारलेही नव्हते, अशी तिची वेदना होती. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली. शिक्षा महाराष्ट्रात झाली म्हणून निर्णयाचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता, असे न्यायालयाने म्हटले.

तेव्हा कोणी म्हणेल, मग सर्व गुन्हेगारांची यादीच जाहीर करून टाका, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. अमेरिकेत असे झालेले आहे. कॅलिफोर्नियात १९४७ पासून नोंदवही आहे, आणि १९९६ च्या केंद्रीय कायद्याने अशा गुन्हेगारांची माहिती लोकांना खुली करण्यात आली. आपल्याकडे २० सप्टेंबर २०१८ रोजी लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सुरू झाली. सुरुवातीलाच तीत ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. परंतु ती पोलीस आणि तपास यंत्रणांपुरतीच ठेवलेली आहे. मला ते योग्य वाटते, आणि का ते सांगते. आपल्या देशात यादी लावली की ती माणसाच्या नावावर थांबत नाही. ती त्याच्या बायकोच्या, मुलीच्या आणि वस्तीच्या नावावर जाते. सोलापूरच्या तारेने आपल्याला तेवढे शिकवले आहे. शिवाय घरातल्याच माणसाने गुन्हा केला असेल तर त्याचे नाव फलकावर लागले म्हणजे त्या मुलीचे नावही लागलेच. पीडितेचे नाव छापू नये असा कायदा १९८३ पासून आहे तो काही उगाच नाही.

न्यायालयेही हळूहळू याच वाटेने आलेली दिसतात. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली खडकसिंग याच्या खटल्यात, संशयिताच्या घरी पोलिसांनी रात्रीबेरात्री जाण्याचा नियम रद्द केला. १९९४ साली याच न्यायालयाने सांगितले की न्यायालयाच्या जाहीर कागदपत्रांतील गोष्ट छापण्यास आडकाठी नाही, मात्र अत्याचारित स्त्रीचे नाव त्याला अपवाद. म्हणजे निकालपत्र उघडे आहे. कोणाला काय शिक्षा झाली हे आपण विचारू शकतो. मे २०२४ मध्ये न्यायालयाने असे म्हटले की पोलिसांची हिस्टरी-शीट ही त्यांच्या आतल्या कामाची गोष्ट आहे, ती लोकांत फिरवावयाची नाही आणि तीत निरपराध नातेवाइकांची नावे घालावयाची नाहीत. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या अर्जावर, तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका असा हुकूम झाला. २०२४ पर्यंत तो रकाना टिकला, याचे कोणालाही आश्चर्य वाटेल.

आता आमच्या बहिणीकडे परत येते. तिला गावाची यादी नको होती. तिला एकाच माणसाच्या दोन तारखा हव्या होत्या, कधी आला आणि कधी जाणार. अशा निरोपाचा हक्क कायद्यात कोठेच नाही असे नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने १५अ हे कलम घातले. त्यात पीडिताला खटल्याची वेळेवर सूचना मिळण्याचा आणि जामीन, सुटका, पॅरोल यांच्या वेळी आपले म्हणणे मांडण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. पण तिचा खटला त्या कायद्याखालचा नव्हता. कुऱ्हाड घरातलीच होती.

आम्ही चौघीजणी तिच्याबरोबर प्रथम ठाण्यावर गेलो. तेथे सांगण्यात आले, ही गोष्ट तुरुंगाची. तुरुंगाकडे कसे जायचे हे कोणी सांगेना. मग शाळेतल्या एका शिक्षकांनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून दिला. २००५ च्या या कायद्यात एक वाक्य आहे, जे आपण सर्वांनी पाठ करावे असे आहे: माहिती एखाद्याच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर ती ४८ तासांत दिली पाहिजे. एरवी ३० दिवस. अर्जाच्या वर हे लाल शाईने लिहिले. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेही गेलो. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला तेथे फुकट वकील मिळतो, तिची मिळकत कितीही असो. हे आमच्यातल्या दोघींना त्या दिवशी प्रथम कळले, आणि त्यांतली एक मी.

उत्तर आले ते ४८ तासांत नव्हे, सहाव्या दिवशी. अर्धे पान होते. तो संचित रजेवर आला होता, जामीनदार त्याचा भाऊ, आणि परत हजर व्हावयाची तारीख खाली लिहिलेली. त्या तारखेला अजून नऊ दिवस होते. वकीलबाईंच्या पत्रावरून आपल्याकडच्या ठाण्याने तिचा जबाब घेतला, आणि पुढल्या वेळी रजेचा अर्ज आला तर चौकशी येथेही व्हावी असे तिचे म्हणणे तुरुंगाकडे पाठवण्यात आले. ते नऊ दिवस ती मंडळाच्या खोलीशेजारी एका भगिनीकडे झोपावयास होती. त्या घरातल्या सासूबाई अंगणात बाज टाकून बसत आणि रात्री उशिरापर्यंत रस्त्याकडे पाहत.

दहाव्या दिवशी सकाळी तिने मला तो कागद परत आणून दिला, आणि पुढच्या वेळेसाठी जपून ठेवा म्हणाली. तो मंडळाच्या कपाटात, हिशेबाच्या वहीत ठेवला आहे.